लिंगाण्याला जाताय? रोप-हार्नेसच्या आधी डोक्याची तयारी करा

लिंगाणा, वजीर, तैलबैला, ड्यूक्स नोज, नाहीतर अलंग-मदन. सह्याद्रीतल्या या अवघड कड्या-सुळक्यांपैकी एखादं नाव मनात धरून बसला असाल तर गिअरची लिस्ट तुम्हाला कुठेही मिळेल. पण चांगलं दोन हजाराचं हेल्मेट घेतलेला माणूस दुपारी उकडतंय म्हणून ते काढून सॅकला का अडकवतो, आणि झोपेतसुद्धा फिगर ऑफ एट (रोप कमरेच्या हार्नेसला बांधायची आठाच्या आकाराची गाठ) मारू शकणारा क्लाइंबर एखाद्या दिवशी ती गाठ अर्धीच का सोडतो, यावर फार कोणी लिहीत नाही. हा लेख त्याबद्दल आहे. गाठी कशा मारायच्या ते इथे सांगत नाही, ते एखाद्या क्लबमध्ये जाऊन माणसाकडूनच शिका, व्हिडिओ बघून नको.

माझं म्हणणं एवढंच की वर लागणारे निर्णय वर जाऊन घ्यायचेच नाहीत. ते खाली घ्यायचे, झोप झालेली असताना, पोट भरलेलं असताना, आकड्यांत, आणि चारचौघांसमोर बोलून. कारण कड्यावर दुपारी एक वाजता उभा असलेला तुम्ही आणि आत्ता मोबाइलवर हे वाचणारे तुम्ही, डोक्याने एकच माणूस नसता. उदाहरण म्हणून मी लिंगाणाच धरतोय, बाकी सुळक्यांना वेळा आणि जागा आपापल्या बदलून घ्या.

पायरी १: का जायचंय ते आधी स्वतःशी खरं बोला

जॉर्ज मॅलरी या इंग्रज गिर्यारोहकाला १९२३ मध्ये विचारलं की एव्हरेस्ट का चढायचंय, तर तो म्हणाला, कारण ते आहे म्हणून. तेव्हापासून आपण सगळे त्याच उत्तरामागे लपतो. खरी कारणं जरा वेगळी असतात.

लोकांना वाटतं की क्लाइंबर म्हणजे थ्रिलचे भुकेले. वेल्सच्या बँगर विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी (बार्लो, वुडमन आणि हार्डी, २०१३) हे तपासलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. थ्रिलसाठी जाणारे जास्त करून स्कायडायव्हर. गिर्यारोहकांमध्ये ठळक दिसलं ते दुसरंच, स्वतःच्या भावना ताब्यात येणं आणि आपल्या आयुष्याचं स्टिअरिंग आपल्या हातात आहे असं वाटणं. मला हे अगदी पटतं, कारण आठवडाभर ऑफिसात कुणाच्या ना कुणाच्या मनाने चालणारा माणूस शनिवारी कड्यावर एकदम शांत झालेला मी कितीतरी वेळा बघितलाय. तिथे पुढचा होल्ड, म्हणजे हातापायाची पकड, कुठला ते तोच ठरवतो ना.

पण यातच गोम आहे. डोंगर जर तुमचं मन ताळ्यावर आणायचं औषध असेल तर मन जितकं बिघडलेलं तितकी जायची ओढ जास्त, आणि नेमकं त्याच दिवशी परत फिरणं सगळ्यात जड जातं. ब्रेकअप झालंय, नोकरी गेलीये, घरी कडाक्याचं भांडण झालंय, अशा वेळी डोंगरात जरूर जा, पण लीड करू नका (म्हणजे सगळ्यात पुढे चढू नका) आणि नवीन रूट घेऊ नका. राजगडाला एक चक्कर मारून या.

बाकीची कारणं तपासायला मी लोकांना तीन प्रश्न विचारतो. फोटो काढायला बंदी असती तरी गेला असता का? अर्ध्यातून परतलात तर सोमवारी कुणाला काय सांगाल, आणि ते सांगताना लाज वाटेल का? तिसरा प्रश्न जरा बोचरा आहे. कुणाला दाखवून द्यायचंय? यातल्या एखाद्या प्रश्नाला पोटात गोळा आला तर ट्रिप रद्द करा असं मी म्हणत नाही. रील्ससाठी जाणं हे काही पाप नाही. फक्त तुमचा वीक पॉइंट कुठे आहे हे तुम्हाला आणि तुमच्या पार्टनरला माहीत असायला हवं, म्हणजे वर गेल्यावर तो म्हणू शकतो, की अरे हे तू बोलतोयस की तुझं इन्स्टा बोलतंय.

अजून एक गोष्ट त्याच विद्यापीठातल्या लोकांनी दाखवली आणि ती सेफ्टीच्या दृष्टीने मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुद्दाम धोका पत्करणं आणि काळजी घेणं ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत, त्या दोन वेगळ्या सवयी आहेत. म्हणजे अवघड रूट घेणारा माणूस प्रचंड काटेकोर असू शकतो आणि सोप्या किल्ल्यावर जाणारा पूर्ण बेफिकीर. म्हणून "मी काय असलं डेंजर करत नाही" हे वाक्य सेफ्टीचा पुरावा म्हणून चालत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर किंवा कलावंतिणीवर गर्दीत एका हातात मोबाइल धरून उतरणारी मंडळी आठवा.

पायरी २: घरी बसून अपघात करा

निघायच्या चार-पाच दिवस आधी ग्रुप भेटतोच, कोण काय आणणार ते ठरवायला. त्यातली दहा मिनिटं बाजूला काढा. गॅरी क्लेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत आहे, कंपन्यांच्या प्रोजेक्टसाठी सांगितलेली पण डोंगराला तंतोतंत बसते. सगळ्यांना सांगायचं, समजा आत्ता रविवारची रात्र आहे आणि आपण महाडच्या नाहीतर पुण्याच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभे आहोत, काय झालं ते लिहा. प्रत्येकाने वेगवेगळं, न बोलता, कागदावर.

"काही प्रॉब्लेम होऊ शकतो का?" असं विचारलं की सगळे म्हणतात नाही होणार, कारण शंका काढणारा भित्रा ठरतो. "झालाच आहे, कसा झाला सांगा" म्हटलं की त्याच लोकांची डोकी धडाधड चालायला लागतात. लिंगाण्याच्या वाटेवरच्या बोराट्याच्या नाळेत, म्हणजे दगडांच्या उभ्या घळीत, वरच्याच्या पायाने दगड सुटला. बसमध्ये रात्रभर झोप नाही झाली. पाणी दीड लिटरच होतं. रॅपलला, म्हणजे रोपवरून उतरताना, केस डिसेंडरमध्ये (रोपवरचा वेग धरणाऱ्या उपकरणात) अडकले. मोहोळ उठलं. नवीन मुलगा घाबरून अर्ध्यात थिजला आणि मागची सगळी रांग उन्हात अडकली. यातल्या निम्म्या गोष्टींचा इलाज बिनखर्चाचा असतो, फक्त आधी सुचावा लागतो. केस बांधून हेल्मेटच्या आत, सैल ओढणी-स्टोल सॅकमध्ये, पाणी माणशी किमान तीन-चार लिटर, परफ्यूम-डिओ नाही, मोहोळाजवळ आरडाओरडा नाही, धूर-सिगरेट अजिबात नाही.

झोपेचं तर मला कळतच नाही. शुक्रवारी ऑफिस करून रात्री बस पकडायची, गाण्याच्या भेंड्या, पहाटे तीनला लिंगाण्याजवळच्या मोहरी गावात उतरायचं आणि अंधारातच नाळेकडे चालायला लागायचं, याला आपण कौतुकाने नाइट ट्रेक म्हणतो. टेक्निकल क्लाइंबच्या आधी असं करू नका, एक दिवस जास्त काढा आणि गावात मुक्काम करा. गावातल्या वाटाड्यालाही विचारा की गेल्या आठवड्यात पाऊस झाला का, नाळेत नवीन दगड आलेत का, मोहोळ कुठे बसलंय. ही माहिती ॲपवर येत नाही.

पायरी ३: परत फिरायची वेळ काढा आणि लिहून ठेवा

आपल्याकडे सगळ्यात कमी पाळलं जातं ते हेच. पोचायची वेळ सगळे ठरवतात, परत फिरायची कुणी ठरवत नाही.

ही वेळ उलटी मोजायची. डिसेंबरात सूर्य साधारण सहाच्या सुमारास मावळतो. परतीची बोराट्याची नाळ उजेडात चढून व्हायला हवी, तिच्यात सुटे दगड आहेत आणि दमलेले पाय आहेत. म्हणजे शेवटचा माणूस चारपर्यंत लिंगाण्याच्या पायथ्याच्या खिंडीत हवा. आता रॅपल धरा. बारा जण आहेत, एका माणसाला क्लिप करणं, चेक करणं, उतरणं, रोप मोकळा होणं असं मिळून आठ मिनिटं धरली तरी एका पॅचला (कड्याच्या एका टप्प्याला) ९६ मिनिटं झाली. प्रत्येक पॅचला वेगळा रोप लावलेला असेल तर वेळ एकमेकांत मिसळतो आणि दोन-सव्वादोन तासांत सगळे खाली येतात. तोच रोप खेचून पुढे न्यायचा असेल तर गणित पार बदलतं. त्यात दुसरा ग्रुप पुढे असेल तर त्यांचीही माणसं मोजायची. या सगळ्याला अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवला की वेळ येते एकची. म्हणजे एक वाजता जो जिथे असेल तिथून खाली. माथा दहा मिनिटांवर असला तरी.

हे "दहा मिनिटांवर" फार वाईट असतं. १९९६ ची एव्हरेस्टची गोष्ट खूप जणांना माहितीये, १० मेच्या वादळात आणि त्यानंतर मिळून आठ जण गेले. तिथे दुपारी दोनच्या आसपासची परतीची वेळ बोलली गेली होती, पण अनेक जण दोननंतरही वरच चढत राहिले. एका टीमचा लीडर रॉब हॉल तर चारनंतरही आपल्या एका क्लायंटसाठी थांबला होता, आणि तो क्लायंट म्हणजे डग हॅन्सन, ज्याला आदल्या वर्षी माथ्याच्या अगदी जवळून हॉलनेच परत फिरवलं होतं. बघा किती माणसासारखी गोष्ट आहे. हॉल नवशिका नव्हता, लालचीही नव्हता. आदल्या वर्षी मोडलेलं एक मन त्याला यावेळी जोडायचं होतं असं मला वाटतं. दोघंही परतले नाहीत.

त्याच महिन्यात, त्याच डोंगरावर, योरान क्रॉप नावाचा स्वीडिश गडी होता. हा स्वीडनहून सायकल मारत नेपाळला आलेला, बाटलीतला ऑक्सिजन घेणार नाही म्हणणारा. त्या वादळाच्या काही दिवस आधी तो माथ्यापासून साधारण शंभर मीटरवर पोचला, घड्याळ बघितलं, उशीर झालाय म्हणाला आणि फिरला. हजारो किलोमीटर सायकल चालवून आलेला माणूस! मग २३ मेला परत चढला आणि माथा गाठला. जितकं घातलंय तितकं सोडवत नाही, हा माणसाचा स्वभावच आहे, मग ते पैसे असोत, सुट्ट्या असोत की सायकलचे पेडल. याच्यावर हिंमत चालत नाही, फक्त आधी ठरवलेला आकडा चालतो.

मात्र आकडा नुसता मनात ठेवून उपयोग नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झरने दाखवलंय की "काळजी घेऊ" असल्या गुळमुळीत निश्चयापेक्षा "अमुक झालं तर तमुक करणार" अशी वाक्यं कितीतरी जास्त पाळली जातात. तर अशी चार-पाच वाक्यं करा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करा. एक वाजला तर जिथे आहोत तिथून खाली. कातळ ओला झाला तर लीड थांबणार. कुणाचंही पाणी अर्ध्या लिटरच्या खाली गेलं तर वर जाणं बंद. एखाद्याने दोनदा "मला जमत नाहीये" म्हटलं तर त्याला समजावायचं नाही, उतरवायचं. हीच यादी आणि परत फोन करायची वेळ घरातल्या एका माणसाला द्या. तो फोन आला नाही तर त्याने किती वाजता कुणाला कळवायचं तेही सांगून ठेवा, म्हणजे ११२, गावातला नंबर आणि तुमच्या क्लबमधल्या कुणाचा तरी नंबर.

आणि परत फिरणं स्वस्त करा. लिंगाण्याला तर सोय जवळच आहे, मोहरीतून रायलिंगच्या पठारावर चालत जाता येतं आणि समोर अख्खा लिंगाणा उभा दिसतो, फोटोला याहून भारी जागा नाही. प्लॅन बी आधीच ठरलेला असला की रद्द करणारा व्हिलन होत नाही. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांनी रिफंडचं आधीच स्पष्ट करावं, कारण "साडेतीन हजार भरलेत" हे वाक्य कड्यावर आलं की लीडरचा घसा कोरडा पडतो.

पायरी ४: पायथ्याशी

खिंडीत पोचल्यावर पंधरा मिनिटं सगळ्यांनी बसायचं. खायचं, पाणी प्यायचं आणि एकदा गोल करून बोलायचं. या गोलात लीडरने शेवटी बोलावं. अमेरिकेत इयन मॅकॅमनने हिमस्खलनाचे ७१५ अपघात तपासले (२००४), त्यात बर्फाचं ट्रेनिंग घेतलेली माणसंही होती. कळत असून फसवणारे जे सापळे त्याने मांडले त्यात ओळखीची जागा, आधी ठरवलेलं तडीला नेण्याची जिद्द, इतरांवर छाप पाडायची इच्छा, दुसरा ग्रुप चाललाय म्हणजे ठीकच असेल हा समज, आणि "दादाला सगळं कळतं" हा विश्वास असे सगळे आपल्या ओळखीचे पाहुणे आहेत. दादाने आधी "काय मग, जायचं ना?" विचारलं की कुणीही नाही म्हणत नाही. म्हणून आधी सगळ्यात नवीन माणसाला बोलू द्या. आणि नियम ठेवा की एकाचा नकार पुरे, कारण द्यायची सक्ती नाही.

मग बडी चेक. याच्यावर मी जरा चिकटच आहे. जोडीदाराचा चेक नजरेने करायचा नाही, हाताने करायचा. हार्नेसचं बकल ओढून बघायचं, शेपटीला पुरेशी पट्टी उरलीये का बघायचं. गाठ बोटांनी चाचपायची, रोप दोन्ही टाय-इन पॉइंटमधून गेलाय ना, आठाच्या दोन्ही रेषा समांतर आहेत ना. बिले डिव्हाइसमध्ये (चढणाऱ्याचा रोप धरून ठेवायच्या उपकरणात) रोप बरोबर बाजूने आहे का, कॅरॅबिनरचा (जोडणीच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का, तो दाबून बघायचा. हेल्मेटचा पट्टा. रोपच्या दुसऱ्या टोकाला गाठ. आणि हे सगळं तोंडाने मोठ्याने म्हणत. पोरं हसतात, हसू द्या.

लिन हिल ही जगातल्या सर्वोत्तम क्लाइंबरपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथल्या कड्यावर तिने रोप हार्नेसमधून ओवला, मध्येच कुणाशी तरी बोलणं झालं, बुटांकडे लक्ष गेलं आणि गाठ पुरी करायची राहिली. वरून जॅकेट असल्यामुळे कुणाला दिसलंही नाही. रूट पूर्ण चढून गेली, खाली यायला रोपवर वजन टाकलं आणि वीसेक मीटर खाली आली. झाडामुळे वाचली. यातून नियम असा की गाठ मारणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, आणि कुणी बोललंच तर गाठ सोडून पहिल्यापासून. मधूनच पुढे चालू करायची नाही.

टॉड स्किनर या अमेरिकन क्लाइंबरचं उदाहरण अजून अस्वस्थ करतं. २००६, योसेमिटी. त्याच्या हार्नेसचा बिले लूप (ज्यावर सगळं वजन येतं ते पट्टीचं कडं) झिजलेला होता, साथीदाराने दाखवलाही होता, नवीन हार्नेस मागवलेलं होतं. ते यायच्या आधीच एक क्लाइंब केला, लूप तुटला आणि तो गेला. आपण म्हणतो ना, "एवढ्या वेळेला वापरलंय, काही झालं नाही". झिजलेली स्लिंग, अनोळखी गंजका बोल्ट, कुणीतरी वर सोडून गेलेला उन्हाने पांढरा पडलेला रोप, सगळ्यांना हेच वाक्य लागू होतं आणि दर वेळेला काही न झाल्यामुळे ते वाक्य आणखी पक्कं होत जातं. मागवलंय म्हणजे आलेलं नाही. पर्याय नसेल तर त्या दिवशी चढू नका.

पायरी ५: चढताना, म्हणजे भीती वाटते तेव्हा

भीती वाटणं चांगलं. प्रश्न एवढाच की ती कशाची आहे. खाली बघितल्यावर येणारी उंचीची भीती आणि "हा दगड हलला" ही भीती वेगळी. पहिलीत थांबा, कपाळ कातळाला लावायला लागलं तरी लावा, श्वास लांब सोडा, मग फक्त पुढचा एक पाय कुठे ठेवायचा तेवढंच बघा. दुसरीत ऐका, बिलेअरला (तुमचा रोप धरणाऱ्याला) ओरडून सांगा, होल्ड बदला. आपला बेसाल्ट तसा दगाबाज आहे, मोठा दिसणारा होल्डही हातात येतो, आधी ठोकून-ओढून बघायची सवय ठेवा.

नवशिक्याला खालून "काही नाही होत रे, चल, हो पुढे!" असं दहा जणांनी ओरडणं बंद करा. त्याला एकाच माणसाचा आवाज ऐकू आला पाहिजे, बिलेअरचा, आणि तोही छोट्या सूचनांचा. "उजवा पाय गुडघ्याएवढा वर, खाच आहे." बस.

हिमालयात जाणार असाल तर एक जास्तीची अडचण, तिथे निर्णय घेणारं यंत्रच मंदावतं. ऑक्सिजन कमी झाला की माणूस चिडचिडा, हट्टी नाहीतर उगाच खूश होतो आणि हे त्याला स्वतःला कळत नाही. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला साधारण ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. चालताना तोल जातोय, बोलणं अडखळतंय, बसल्या जागी धाप लागतेय असं दिसलं तर चर्चा न करता त्याला खाली न्या, एकट्याला पाठवू नका.

पायरी ६: उतरताना

माथ्यावर झेंडा, घोषणा, ग्रुप फोटो झाला की मनाने ट्रेक संपतो. शरीर मात्र अजून कड्यावर असतं. म्हणून माथ्यावरच परत एक छोटा गोल करा, पाणी प्या, खा आणि मोठ्याने म्हणा की अर्धंच झालंय.

रॅपलचा क्रम प्रत्येकाने तोच ठेवायचा. सेफ्टी स्लिंग (स्वतःला बांधून ठेवायची पट्टी) अँकरला, म्हणजे कड्यावरच्या पक्क्या आधाराला. मग डिव्हाइस लावायचं, प्रुसिक (हात सुटला तर रोप घट्ट धरणारी दोरीची गाठ) लावायचा. मग सेफ्टी काढायच्या आधी पूर्ण वजन रोपवर टाकून बघायचं. धरलं, प्रुसिकही धरला, मगच स्लिंग काढायची. रोपच्या दोन्ही टोकांना गाठी हव्यातच. मागे रांग लागलीये, कुणीतरी "लवकर आटप ना" म्हणतंय, तेव्हा हा क्रम उलट आणखी हळू करायचा. रांगेतल्या लोकांना पाच मिनिटं जास्त ऊन लागेल. लागू दे.

पायरी ७: सोमवारी रात्री

सगळे सुखरूप आले म्हणजे सगळं बरोबर केलं असं नसतं. चुकीचा निर्णय घेऊनही दहातल्या नऊ वेळा माणूस घरी येतो आणि डोंगर त्याला काहीच सांगत नाही, त्यामुळे अनुभव वाढतो तशी चुकीची सवयही मुरत जाते. याच्यावर एकच उपाय माहितीये. दोन दिवसांत, फोटो शेअर करताना, प्रत्येकाने एक गोष्ट लिहायची, काय होता होता राहिलं. "तिसऱ्या पॅचला माझा स्क्रू उघडा होता, ताईने बघितला." "नाळेत दगड आला, मी ओरडलोच नाही." नाव ठेवायचं नाही, चिडवायचं नाही, स्क्रीनशॉट बाहेर जायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी कुणी लिहिणार नाही. सुरुवात लीडरने स्वतःच्या गोष्टीने केली तरच बाकीचे बोलतात. पुढच्या ट्रिपच्या आधी दहा मिनिटांची ती अपघाताची बैठक होईल तेव्हा हीच यादी उघडून बसायची, आणि परत फिरायची वेळ पाळली गेली की नाही ते त्याच यादीत सगळ्यात वर लिहायचं.